मार्टी काही संपला नाही, पक्या

निशी-कासाई, टोकियो
२ मार्च २०२५

प्रिय पक्या,

परवा फोनवर आपल्या लाडक्या अमेरिकन गिटारवाल्याचा विषय निघाला आणि तू मला बोलूच दिलं नाहीस. "मार्टी फ्रीडमन संपला रे, जपानला गेला आणि संपला," हे तीनदा ऐकवलंस, मग मागून वहिनींची हाक आली, कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास. वाद पेटवून पळ काढायची तुझी सवय कॉलेजच्या कट्ट्यापासूनची. म्हणून आज रविवारची सकाळ धरून कागद घेऊन बसलोय. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही, एवढ्यासाठी तरी टपालखातं जगलं पाहिजे. वाचून झालं की मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

मार्च २००८ आठवतोय? बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स, मेगाडेथ, म्हणजे मार्टीचा जुना मेटल बँड. स्वारगेटहून ट्रॅव्हल्सच्या बसची शेवटची सीट, रात्रभर हाडं खिळखिळी. आईला मी औद्योगिक सहल म्हणून थाप मारली होती. मार्टीने बँड सोडून तोवर आठ वर्षं झाली होती, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्या जागी गिटार वाजवणारा ब्रॉडरिक सोलोला पुढे आला की तू "मार्टीऽऽ" करून कोकलायचास. शेवटी शेजारचा एक पोरगा वैतागून म्हणाला, "भाई, वो जापान में है, टीव्ही पे आता है." तुझा चेहरा असा झाला, की लग्नाच्या मांडवात नवरा पळून गेल्याचं कळलंय. माझ्या मते तुझा राग त्या दिवसापासूनचा आहे. त्यात संगीताचा भाग थोडा, टीव्हीचा जास्त.

तर आधी तो गेला का, ते. मेगाडेथमध्ये तो १९९० साली आला आणि त्याच वर्षी त्यांच्या 'रस्ट इन पीस' या रेकॉर्डवर त्याने जे वाजवलं, त्यावर आपण दोघांनी इंजिनिअरिंगची दोन वर्षं फुकट घालवली. पण जपान त्याच्या डोक्यात त्याच्याही आधी शिरलं होतं. जन्म वॉशिंग्टन डी.सी.चा, पण ऐंशीच्या दशकात तो हवाईत राहत होता. तिथे जपानी वंशाची वस्ती भरपूर, रेडिओवर जपानी गाणी लागायची. त्यात त्याने एन्का हा जुन्या वळणाचा गाण्याचा प्रकार ऐकला. पुढे मेगाडेथच्या दौऱ्यांवर असताना पठ्ठ्या पोस्टाने येणारा जपानी भाषेचा अभ्यासक्रम करत होता. विचार कर, बाकीचे रॉकवाले दौऱ्यावर काय करतात हे आपण वाचलंय, आणि हा हॉटेलच्या खोलीत क्रियापदं घोकतोय! नव्वदच्या दशकातच तो जपानी पत्रकारांशी जपानीत बोलायला लागला. २००० च्या जानेवारीत त्याने बँड सोडला. कारण त्याने अनेक ठिकाणी सांगितलंय आणि ते अगदी साधं आहे: घरी तो सगळा वेळ जपानी गाणीच ऐकत होता, मग ती जिथे होतात तिथेच का जाऊ नये? २००३ मध्ये टोकियोला आला आणि इथलाच झाला.

आणि आल्यावर पहिलं काम काय धरलं? आइकावा नानासे नावाची इथली पॉप-रॉक गायिका आहे, तिच्या बँडमध्ये गिटार वाजवायचं. म्हणजे मागे उभं राहून साथ. ज्या माणसाचे सोलो कॅसेट मागे-पुढे करून आपण सुरासुराने उतरवून घेतले, तो दुसरीच्या गाण्यात आठ मात्रांची जागा मिळाली की खूष. तुला यात अधोगती दिसते. मला दिसत नाही, आणि ते का हे सांगायला मला माझंच एक फजितीचं गाऱ्हाणं घालावं लागेल.

जपानी लोक परक्या माणसाने दोन शब्द जपानीत काढले की लगेच म्हणतात, "निहोंगो जोझु देस् ने." तुमचं जपानी छान आहे हो. पुण्यात तीन वर्षं क्लास करून, परीक्षा देऊन मी आलो होतो. पहिल्या महिन्यात रोज कुणी ना कुणी हे म्हणायचं आणि मी हवेत. मग एकदा संध्याकाळी आमचे विभागप्रमुख घरी निघाले. मी मोठ्या आदराने कमरेत वाकून म्हणालो, "गोकुरोसामा देशिता." दमलात हो, कष्ट घेतलेत, असा अर्थ. अख्खी खोली गार. हा शब्द वरच्याने खालच्याला म्हणायचा असतो, साहेबाने शिपायाला, मुकादमाने गड्याला. मी साहेबांना 'शाब्बास बाळा, जा आता घरी' म्हटल्यासारखं झालं. साहेब हसले, आणि म्हणाले, "तुमचं जपानी छान आहे हो." त्या दिवशी मला त्या वाक्याचा अर्थ कळला. ते पाहुण्याला दिलेलं गुळपाणी आहे. जोवर ते मिळतंय तोवर तुम्ही ओसरीवरच. खरी ओळख पटली की कौतुक बंद होतं आणि चुका काढायला सुरुवात होते. मला तिथवर यायला सहा वर्षं लागली. आता एक सहकारी माझ्या ईमेलमधले प्रत्यय तांबड्या अक्षरात दुरुस्त करून पाठवतो, आणि मला त्याचा इतका आनंद होतो की काय सांगू.

पाहुणे म्हणून तर जपानने किती रॉकवाल्यांना डोक्यावर घेतलंय. बीटल्स १९६६ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात वाजवून गेले. तेव्हा युद्धकलेच्या वास्तूत हे केसाळ लोक कशाला, म्हणून विरोध झाला होता. डीप पर्पलने १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत जे वाजवलं, त्याची रेकॉर्ड जगभर गाजली. चीप ट्रिक तर १९७८ मध्ये इथल्या पोरींच्या किंकाळ्यांसकट रेकॉर्ड झाले आणि त्या जोरावर स्वतःच्या देशात मोठे झाले. सगळे आले, हार घालून घेतले, विमानात बसले. मार्टीलाही जन्मभर असं दर दोन वर्षांनी येऊन हार घालून घेता आले असते. त्याने ओसरी सोडून माजघरात जायचं ठरवलं, आणि माजघरात गेलं की भांडी घासावी लागतात. नानासेची साथ ही त्याची भांडी.

आता एन्का. हे मात्र तुला गिटार हातात घेऊन वाचावं लागेल. माळ्यावर टाकली असलीस तर काढ.

एन्का म्हणजे इथल्या काका-मामांचं गाणं. साके, बंदर, बर्फ, रात्रीची गाडी, आणि सोडून गेलेलं माणूस, एवढ्या पाच गोष्टींवर सगळा कारभार. तरुण पोरं नाक मुरडतात. उद्या कुणी गोरा गिटारवाला बालगंधर्वांची पदं ऐकून वेडा झाला आणि सदाशिव पेठेत खोली घेऊन राहिला, तर पेठेतली पोरं त्याच्याकडे जशी बघतील तसं मार्टीकडे इथल्या पोरांनी सुरुवातीला पाहिलं असणार.

गंमत त्याच्या स्वरांत आहे. इथल्या लोकप्रिय गाण्यांची जी मूळ बैठक, तिला 'योनानुकी' म्हणतात. मेइजी काळात पाश्चात्त्य सप्तक आलं तेव्हा स्वर जपानी आकड्यांनी मोजायचे. यो म्हणजे चार, ना म्हणजे सात, नुकी म्हणजे काढून टाकलेलं. चौथा आणि सातवा वर्ज्य. पक्या, म आणि नी वर्ज्य! सा रे ग प ध. भूप! मला हे कळलं तेव्हा मी यामानोते लाईनच्या गाडीत उभा होतो, दोन स्टेशनं पुढे गेलो. आणि तिचं दुसरं, दुःखी रूप आहे त्यात गंधार आणि धैवत कोमल: शिवरंजनी घे आणि तिचा धैवत उतरव. एन्का बहुतेक या दुसऱ्या घरात राहतं.

त्यावर 'कोबुशी'. गाणारा लांब धरलेल्या स्वराच्या पोटात एक झटकन वळसा घालतो, आपल्याकडची मुरकी म्हण किंवा खटका, पण घशात दाबून, हुंदका गिळल्यासारखा. मार्टी तो वळसा तारेवर घेतो. तू आणि मी बेंड कसा घ्यायचो? तार ओढली, सुरावर पोचलो, थरथरवली, झालं. तो तसं करत नाही. त्याचा हात बघ कधी नीट, अगदी जवळून. उजवं मनगट असं आत वळवून ठेवतो की शिक्षकाने पहिल्याच दिवशी छडी मारावी. पिक तारेवर आडवं न जाता खालून उचलल्यासारखं जातं. आणि डावा हात ज्या सुरापासून निघतो तो त्या ठिकाणी चक्क चुकीचा असतो. कानाला खुपतो. तिथून तो तार हळूहळू चढवतो, मुक्कामाच्या सुराला स्पर्श करतो, जरासा वर जातो, सोडतो, आणि ती खाली येताना मध्येच एक गाठ मारतो. ती गाठ म्हणजे कोबुशी. आपण १९ वर्षांचे असताना ते 'एक्झॉटिक स्केल' म्हणून कागदावर मांडत बसलो होतो. स्केल कसलं डोंबलाचं. गळा होता तो, कुठल्यातरी जपानी बाईचा, हवाईच्या रेडिओवरून आलेला.

हे पटत नसेल तर २००९ ची त्याची 'टोकियो ज्यूकबॉक्स' काढ. त्यात इथल्याच लोकांची गाजलेली गाणी त्याने गिटारवर वाजवली आहेत. इशिकावा सायुरी या एन्काच्या मोठ्या गायिकेचं 'आमागी-गोए' त्यात आहे. आधी तिचं मूळ ऐक, मग त्याचं. ड्रम आणि आवाजाचा धुरळा बाजूला सार आणि फक्त तार ऐक. शब्द नाहीत तरी श्वास कुठे घेतला ते कळतं. मी गेले चार महिने त्यातला पहिला मुखडा बसवतोय. आमच्या खोलीच्या भिंती पापडासारख्या, म्हणून हेडफोन लावून. बायको म्हणते, नुसता तारा ओढतोयस आणि तोंड वाकडं करतोयस, दात दुखतोय का?

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. टीव्ही. होय, २००५ मध्ये 'हेबिमेता-सान' नावाचा कार्यक्रम होता, मग 'रॉक फुजियामा'. त्यात मार्टी विनोद करायचा, खोटे विग, खुळचट खेळ, सगळं. मी जुने भाग पाहिलेत. काही इतके टुकार आहेत की मलाच लाज वाटली. २०१२ मध्ये मोमोइरो क्लोव्हर झेड या रंगीबेरंगी कपड्यांतल्या मुलींच्या गाण्यावर त्याने गिटार वाजवली, त्यावर तू मला रात्री दोन वाजता पाठवलेला मेसेज अजून आहे माझ्याकडे. इथे छापता येणार नाही. पण ते गाणं ऐकलंस का कधी? मुली तार सप्तकात धावताहेत, मागे ऑर्केस्ट्रा, गायकवृंद, आणि मधून याची गिटार सळसळत जाते. मला ते भारी वाटतं. इथे मेटल एका कप्प्यात आणि पॉप दुसऱ्यात असं नसतं. एकाच गाण्यात पोळी, श्रीखंड आणि ठेचा. अमेरिकेत त्याला हे कुणी करू दिलं नसतं, आणि तो हेच शोधत आला होता.

सगळंच त्याचं मला आवडतं असं नाही. पुढे सरकारच्या सांस्कृतिक खात्याने त्याला 'जपान वारसा' उपक्रमाचा दूत नेमलं आणि त्याने त्या उपक्रमाचं गाणं केलं, टोकियो फिलहार्मोनिकबरोबर. ऐकलं. सरकारी गाणं सरकारी गाण्यासारखंच आहे. असो.

आणि आता बुदोकान. यावरून तू माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास, कारण तिकीट काढल्याचं मी तुला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आलाच नसतास आणि मलाही जाऊ दिलं नसतंस.

१९९३ मध्ये मेगाडेथ बुदोकानला वाजवणार होते. ठरलं होतं. बँडचा म्होरक्या मस्टेन व्यसनातून उठण्याच्या उपचारांत अडकला आणि कार्यक्रम रद्द झाला. मार्टीला ते किती लागलं असेल याचा हिशेब तू कर: लहानपणापासून ज्या बुदोकानच्या रेकॉर्डी ऐकल्या, तिथे उभं राहायची संधी, आणि ती अशी गेली. पुढे त्याने बँड सोडला, इथे घर केलं, आणि तीस वर्षांनी, २७ फेब्रुवारी २०२३ ला, मेगाडेथ पहिल्यांदा बुदोकानला आले आणि त्यांनी मार्टीला बोलावलं. त्या दिवशी परगावचा होता तो बँड. मार्टी आपल्या गावात होता.

कुदानशिता स्टेशनातून वर आलं की खंदक लागतो, त्यावरून तायासुमोन नावाचा जुना दरवाजा ओलांडायचा. थंडी मरणाची. चेरीला अजून महिना होता, झाडं नुसत्या काड्या. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युडोसाठी बांधलेली ती अष्टकोनी इमारत, आत छताला जपानचा झेंडा टांगलेला. काळ्या टी-शर्टांची रांग, आणि ती रांग कशी, तर रेशनच्या दुकानासमोर आजी उभी असेल तर जितकी शिस्त असते तितकी. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ, थेट ऑफिसातून आलेले, सूट, टाय. बसल्यावर त्यांनी टाय सोडला, चार घड्या घालून बॅगेच्या कप्प्यात ठेवला, सदरा काढला, आत १९९२ च्या दौऱ्याचा टी-शर्ट. सदरा पण घडी करून ठेवला. मग मांडीवर हात ठेवून वाट बघत बसले.

मास्क सगळ्यांना होता. पण ओरडायची बंदी एक महिन्यापूर्वीच उठली होती. तीन वर्षं इथे कार्यक्रमांत नुसत्या टाळ्या वाजवायला परवानगी होती, हे लक्षात घे. तोंडाला कुलूप लावलेले लोक होते ते.

या श्रोत्यांबद्दल बाहेरच्या वादकांची जुनी तक्रार आहे. गाणं संपलं की टाळ्यांचा पाऊस पडतो आणि मग एकदम सगळं चिडीचूप. नव्या माणसाला वाटतं, आपलं काही चुकलं. त्यांना सवाईला नेऊन बसवायला पाहिजे. तानपुरे जुळत असताना मंडप कसा गप्प होतो? तीच शांतता. फरक एवढाच की सवाईला मागच्या बाजूला वडापावाचा कागद वाजतो, इथे तोही वाजत नाही.

मार्टी आला. मी त्याचं वर्णन करत बसत नाही, व्हिडिओ तू चोरून पाहिला असशीलच. तीन गाणी. 'काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन', मग 'टोर्नेडो ऑफ सोल्स', मग 'सिम्फनी ऑफ डिस्ट्रक्शन'. 'टोर्नेडो'चा सोलो आला तेव्हा माझ्या आजूबाजूचे लोक तो सोलो गात होते. शब्द नसलेला सोलो, मास्कच्या आतून, सुरासुराने, बेंडसकट. ते शेजारचे गृहस्थ पण. ती खालून चढत जाणारी मींड त्यांनी गळ्यातून घेतली आणि शेवटी वळसा घातला. पक्का एन्काचा वळसा. १९९० सालचा, अमेरिकेत वाजवलेला तो सोलो या लोकांना मुळात परका वाटलाच नव्हता. आपली वस्तू कुणीतरी परगावाहून आणून परत हातात ठेवली, असं ते गात होते. मी पण गायला लागलो. माझा सूर लागला नाही. तुला माहीतच आहे माझा सूर.

संपल्यावर लाउडस्पीकरवर सूचना येते, अमुक भागातल्या लोकांनी आता निघावं, बाकीच्यांनी बसून राहावं. आणि लोक बसून राहतात! आठ-दहा हजार माणसं, कान फुटेस्तोवर मेटल ऐकलेली, आपला नंबर यायची वाट बघत. गृहस्थ सदरा घालत होते. टाय मात्र बॅगेतच राहू दिला. मला एकदम बंगळूर आठवलं आणि रिकाम्या स्टेजकडे बघून मी तुझ्या वाटचं एकदा ओरडलो, जिवाच्या आकांताने: "मार्टीऽऽ!"

दोन रांगा वळून बघायला लागल्या. गृहस्थांनी हळूच विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का ते?"

मी म्हणालो, "माझे नाहीत, माझ्या मित्राचे. त्याचा राग आहे त्यांच्यावर."

त्यांनी मान डोलावली. जणू हे अगदी रोजचंच आहे. "मग मित्राला सांगा, ते बरे आहेत," म्हणाले. आणि बघ, माझ्या जपानीचं कौतुक त्यांनी केलं नाही.

हे मी तुला दोन वर्षं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

बाकी ठीक. इथल्या भारतीय दुकानात तूरडाळीचे भाव बघून रडू येतं, तेव्हा मेमध्ये वहिनींचा भाऊ येणार आहे त्याच्याबरोबर दोन किलो पाठव, आणि गोडा मसाला. आणि गिटारला आधी नव्या तारा घाल. जुन्यांवर ते बेंड घ्यायला गेलास तर तुटून डोळ्यात जाईल. 'आमागी-गोए'चा पहिला मुखडा मी रेकॉर्ड करून पाठवतोय. धैवत कोमल आहे, विसरू नकोस. काकूंना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
नित्या